डब्यातलं डब्यात

दुर्गाघाट, वाराणसी
८ जुलै २०२४

प्रिय विद्यू,

फोनवर तू 'काय? काय?' यापलीकडे जात नाहीस, म्हणून पुन्हा कागदावर आले. तुझ्या लेकाने, आदित्यने, एवढं महागाचं कानाचं यंत्र आणून दिलं ते तू फडताळात ठेवून दिलंयस, असं त्यानेच मला सांगितलं. राहू दे तिथेच. आपल्या दोघींना पत्रं लिहायला निमित्त झालं.

एक तारखेला शाळा उघडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आपला वर्ग. चारला शाळा सुटते, सव्वाचारला पोरी देवळामागच्या हॉलात दप्तरं फेकून हजर. तिसरीपासून आठवीपर्यंतच्या तेवीस जणी. मराठी घरांतल्या सहाच, बाकी गल्लीतल्या. 'मावशी, मैथ का टेस्ट है' म्हणत गेल्या वर्षीच्या तिघी कोचिंगला पळाल्या, त्या यात धरल्या नाहीत. गेल्या तर गेल्या. मल्लखांबाची दोरी नवी आणली. जुनी उतरवताना तुझी आठवण झाली, तिच्यावर तुझ्या हातचे टाके होते.

आता खरी बातमी. बिंदुमाधवची इरावती आठवते ना? तू सांगलीला गेलीस तेव्हा चौथीत होती, नाक पुसत दोरीखाली उभी राहायची. आता सातवीत आहे, बारा पूर्ण. परवा पोरगी दोरीच्या पार टोकाला गेली, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरली आणि निद्रासन घातलं. ती वर चक्क झोपल्यासारखी आडवी, आणि मी खाली घामाघूम! दिवाळीनंतर लखनौला राज्य स्पर्धा आहे. बावीस वर्षांत आपली एकही मुलगी तिथवर गेलेली नाही. ही जाणार, लिहून ठेव.

अडचण एकच, यमुनाकाकू. तुझीच मावसबहीण, तुला काय सांगायचं! बिंदुमाधव दिवसभर दशाश्वमेधावर यात्रेकरूंची पूजा सांगतो, घरात शब्द चालतो तो त्याच्या आईचा. 'लहान आहे तोवर खेळू दे,' असं त्या दर वेळी म्हणतात. त्यातलं 'तोवर' मला ऐकू येतं आणि मी विषय बदलते.

शनिवारचा डबा चालू आहे. नव्या मुलींना मी अजून तुझ्याच शब्दांत सांगते: दोरीवर चढायच्या आधी ज्याची भीती वाटते ते चिठ्ठीवर लिहा, नाव घालू नका, डब्यात टाका, मावशीच फक्त वाचेल आणि फाडून टाकेल. डब्यातलं डब्यात. एका चिमुरडीने या वेळी लिहिलंय, 'छत से बंदर आ जाएगा'. खिडकीला जाळी लावून घेतली.

गंगाजी चढतायत. खालच्या पायऱ्या गेल्या. तब्येतीला जप.

तुझी,
शरू


सांगली
१९ जुलै २०२४

प्रिय शरू,

पत्र आलं नि दिवस चांगला गेला. इथे मला काही कमी नाही गं. सून चांगली आहे, ताट हातात आणून देते. पण संध्याकाळचे चार वाजले की माझे हात शिवशिवतात. अंगणात शेजारची पोरं खेळतात, त्यांना मी 'पाठ सरळ ठेव' म्हणून ओरडते, तर ती मला हसतात.

इरूचं वाचून ऊर भरून आला. ती आमच्या घरातली, म्हणून जास्तच. यमुनाताईला तू वाईट समजू नकोस. जुनं खोड आहे, वाकायचं नाही. मला मात्र काशीत पहिल्या वर्षी तिनेच जेवू घातलंय, ते मी विसरत नाही.

गणपतीत मुलींचं प्रात्यक्षिक असेल ना? पत्रिका छापलीस की एक मला पाठव. आणि एक विचारू? डब्यात काय काय येतं ते तू हल्ली लिहीतच नाहीस. माकडाचं तेवढं लिहिलंस, ते काय कुणीही लिहील. एकोणीस वर्षं आपण दोघींनी मांडीला मांडी लावून त्या चिठ्ठ्या वाचल्या. सांगलीला आले म्हणून मी परकी झाले का?

तुझी,
विद्यू


दुर्गाघाट, वाराणसी
२९ जुलै २०२४

प्रिय विद्यू,

परकी म्हणे! तुझ्या तोंडात शोभत नाही. एवढंच ना, मग घे, आठ दिवस माझ्या डोक्यात घोळतंय ते तुझ्यापुढे ठेवते. डबा मी आजवर कुणापुढे उघडला नाही. तू 'कुणी'त मोडत नाहीस.

मागच्या शनिवारी एक चिठ्ठी निघाली. नाव नाही, पण तेवीस जणींची अक्षरं मला पाठ आहेत. इरावतीची आहे. शब्दन् शब्द पाठ झालाय, जशी होती तशी उतरवते.

'मला रस्सीची भीती नाही वाटत. मला पाळी आली आहे, दो महीने झाले. घरात कोणाला माहीत नाही, आईला पण नाही. आजीला कळलं तर वर्ग बंद. मी कपडा छतावर नाही वाळवत, ट्रंकच्या मागे वाळवते. कोणी बघेल याची भीती वाटते.'

मी चिठ्ठी फाडली आणि हॉलात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानातून पॅडची चार पाकिटं आणली, कपाटात ठेवली आणि मोठ्या मुलींना सगळ्यांदेखत सांगितलं, लागेल तिने विचारायचं नाही, घ्यायचं. चाप्टर मिटला असं वाटलं. तर इरावतीची जिवाची मैत्रीण अवनी, शेजारच्या घरातली, एक पाकीट फ्रॉकखाली लपवत मला म्हणते, 'मावशी, ये मेरे लिए नहीं है.' म्हणजे अवनीला माहीत आहे. बरंच झालं, पोरीला कोणीतरी आहे.

आता मी काय करू ते सांग. आईला, लतिकाला, सांगू का? लतिका समजूतदार आहे, पण सासूसमोर तिचं तोंड उघडत नाही. तिला सांगितलं तर काकूंपर्यंत जाणार. मग ते बाजूला बसणं, हॉल देवळाला लागून म्हणून तिकडे फिरकायचं नाही, आणि 'आता मोठी झाली, पुरे झाली दोरी'. न सांगितलं तर बारा वर्षांची मुलगी ओले कपडे ट्रंकमागे वाळवत बसणार. मला एकटीला ठरवता येत नाही. अशा वेळी तू शेजारी असायचीस.

लवकर लिही.

शरू


सांगली
८ ऑगस्ट २०२४

प्रिय शरू,

पत्र दोनदा वाचलं. पोरीच्या त्या चार ओळींनी डोळ्यांत पाणी आलं.

माझं ऐक. लतिकाला सांगू नकोस, कुणालाच सांगू नकोस. डब्यातलं डब्यात, हा नियम आपणच केला ना? तू तुझा सराव घे. इरूला खायला घाल, भिजवलेले चणे नि गूळ. कसलाही जीव जाळू नकोस, देव वाट काढतो. काळजी माझ्यावर सोड. तुझं पत्रही मी फाडून टाकलंय.

पत्रिका अजून आली नाही.

तुझी,
विद्यू


दुर्गाघाट, वाराणसी
२२ ऑगस्ट २०२४

विद्यू,

सगळं संपलं गं.

सोळा तारखेला, शुक्रवारी, मुली रांगेत उभ्या होत्या आणि बिंदुमाधव हॉलाच्या दारात आला. आत आला नाही. चपला पायातच. म्हणाला, 'मावशी, इरा उद्यापासून येणार नाही. कारण विचारू नका, मला सांगता येणार नाही.' मान वर केली नाही त्याने. मला कारण विचारायची गरजच नव्हती.

कुणी सांगितलं? रात्रभर तळमळले. मी कुणापाशी बोलले नाही. तू तिकडे सातशे कोस लांब. मग राहिलं कोण? अवनी. पाकीट नेणारी तीच, इराच्या घरात दिवसातून दहा वेळा जाणारी तीच. काकूंनी बेसनाचा लाडू हातावर ठेवला की त्यांना काय पाहिजे ते बोलून जाणारी.

शनिवारी मी तिला सगळ्यांपुढे उभं केलं. विद्यू, तुला माझा राग माहीत आहे, एकदा चढला की मला पुढचं दिसत नाही. मी म्हटलं, 'जिने तुझ्यावर विश्वास ठेवला तिला तू विकलंस.' ती म्हणाली, 'मैंने नहीं बोला, मावशी.' मी म्हटलं, 'खोटं बोलू नकोस.' ती पुन्हा म्हणाली, 'मैंने नहीं बोला.' तिने आपली सतरंजी गुंडाळली, जागेवर ठेवली आणि गेली. रडली नाही. ती गेल्यावर बाकीच्या रडल्या.

तेव्हापासून आलेली नाही. छज्ज्यातून छज्ज्यात हात जाईल एवढी त्यांची घरं जवळ, तरी इराने तिच्याकडची खिडकी बंद करून घेतलीय, असं मुली सांगतात. इराला अर्थातच कळलं की मावशीने अवनीचं नाव घेतलं.

लखनौला नावं द्यायची शेवटची तारीख दहा ऑक्टोबर आहे. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. काय तोंडाने वर जाऊ?

शरू


सांगली
१ सप्टेंबर २०२४

प्रिय शरू,

वाचून वाईट वाटलं. पण तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. एवढ्याशा मुलींच्या पोटात काही राहत नाही, हे आपण पाहिलेलंच आहे. अवनी वाईट नाही, बोलून गेली असेल. मोठ्या मनाने तिला माफ कर आणि परत बोलाव.

इरूचं म्हणशील तर एका अर्थी झालं ते बरंच झालं असेल. घरच्यांना कळायला हवंच होतं कधी ना कधी. मुलीची जात, आज दोरीवर, उद्या कुठे? घरच्यांना लक्ष ठेवावंच लागतं. यमुनाताईचा राग उतरेल. तू मात्र इतक्यात त्यांच्याकडे जाऊ नकोस, उगाच शब्दाला शब्द वाढतो.

पत्रिका मिळाली. छान छापलीय. 'संचालिका' म्हणून तुझं नाव ठळक दिसलं.

तुझी,
विद्यू


दुर्गाघाट, वाराणसी
१४ सप्टेंबर २०२४

विद्युल्लताबाई,

इतक्यात जाऊ नकोस म्हणालात, तरी मी गेले. गौरीपूजनाच्या दिवशी, अकरा तारखेला, यमुनाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. बोलावणं आलं होतं. न जाण्याइतकी मी अजून निगरगट्ट झालेली नाही.

काकूंच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं जुलैच्या शेवटी, हे तुम्हाला माहीत नव्हतं वाटतं. मला कुंकू लावून त्या सगळ्या बायकांत म्हणाल्या, 'शरदिनी, तू आमच्यापासून लपवलंस, पण विद्यूने कळवलं म्हणून घर वाचलं. रक्ताचं ते रक्ताचं.' तबकातून घेतलेला पेढा माझ्या हातात तसाच राहिला.

मग लतिकाने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. दार लावलं. पिठाच्या डब्यामागून पत्र काढलं. तुमचं अक्षर ओळखायला मला चष्मा लागत नाही. तारीख सहा ऑगस्ट. मला 'कुणालाच सांगू नकोस' लिहिलंत आठला. म्हणजे इकडे कळवून झालं, मग मला नियम शिकवायला बसलात. चार पानं. आणि मी तुम्हाला उतरवून पाठवलेली चिठ्ठी त्यात अक्षर न् अक्षर. पत्र फाडलंत म्हणे! नक्कल करून झाल्यावर फाडलंत.

पुढचं ऐका, कारण हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नसणार. तुम्ही पत्र काकूंच्या नावे धाडलंत, वाटलं असेल त्या एकट्या वाचतील. त्यांना ते वाचता येईना. चौदा तारखेला संध्याकाळी बिंदुमाधव घरी आला तो सोलापूरचे दोन यात्रेकरू घेऊन. श्राद्धाचं ठरवायला आलेले, बैठकीत चहा चाललेला. काकू म्हणाल्या, 'विद्यूचं पत्र आलंय, जरा वाचून दाखव.' त्याला वाटलं, खुशालीचं असेल. मोठ्याने वाचायला लागला. 'मला पाळी आली आहे, दो महीने झाले' इथपर्यंत वाचून तो थांबला. इरावती कपांचा ट्रे घेऊन समोर उभी होती. तिचंच वाक्य बापाच्या तोंडून, दोन परक्या पुरुषांसमोर. तिने ट्रे खाली ठेवला, एक कप सांडू दिला नाही, आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिने ती उघडली नाही.

हे सांगताना लतिका रडत नव्हती. ती माझ्यावर चिडली होती. म्हणाली, 'मेरी बेटी ने मुझसे छुपाया, वो मैं समझ सकती हूँ, मी या घरात कधी तिच्या बाजूने बोललेच नाही. पण मावशी, तुम्हाला कळलं होतं. तुम्ही चार घरं सोडून राहता. मला नाही सांगितलंत, आणि सांगलीला लिहिलंत?'

मी दार उघडून घरी निघून आले.

चाळीस वर्षांची मैत्री. माझे वडील गेले तेव्हा अहिल्याबाई घाटावर माझ्या शेजारी तुम्ही उभ्या होतात. ते सगळं खरं होतं की तेही असंच होतं, ते आता मला कळेनासं झालंय. आणि अवनी! एक तारखेला तुम्ही लिहिलंत, 'मोठ्या मनाने तिला माफ कर.' हे लिहवलं कसं तुम्हाला? बारा वर्षांच्या पोरीच्या माथी स्वतःचं पाप मारलंत आणि वर तिच्यासाठी माझ्याकडे क्षमा मागितलीत. तुम्ही बोललात त्याचं मला एक वेळ कारण तरी सापडेल. याचं सापडत नाही.

गणपतीत प्रात्यक्षिक झालं. एकवीस मुली. टाळ्या पडल्या, मला त्यांचा आनंद झाला नाही.

शरदिनी


सांगली
२५ सप्टेंबर २०२४

शरू,

मला 'बाई' आणि 'तुम्ही' लिहिलंस. वाचून चार दिवस जेवण गेलं नाही. तरी उत्तर देते, कारण तू माझी बाजू विचारलीच नाहीस.

यमुनाताई माझी बहीण आहे. तिच्या घरात पोर दोन महिने सगळ्यांना फसवते, सोवळ्याच्या स्वयंपाकघरात वावरते, आणि मी सांगलीत बसून ते गिळून टाकू? तुझा यावर विश्वास नाही, माझाही फारसा नाही, पण त्यांचा आहे ना? घर त्यांचं आहे. मला वाटलं, यमुनाताई एकटीच वाचेल, लतिकाला शांतपणे सांगेल, मुलीला जवळ घेईल. डोळ्याचं मला खरंच माहीत नव्हतं. त्या यात्रेकरूंचं तुझ्या पत्रातूनच कळलं. इरूची मी मनोमन पाया पडून क्षमा मागितली आहे.

तुला मी तसं का लिहिलं, तर घाबरले म्हणून. माझं नाव निघालं तर तू तोडून टाकशील हे मला ठाऊक होतं. आणि अवनीचं नाव मी काढलं नाही, तू काढलंस. मी फक्त नाही म्हटलं नाही.

आता एवढं झालंय तर सांगतेच. वर्ग आपण दोघींनी उभा केला. ती पहिली दोरी माझ्या बांगड्या विकून आणली होती. पत्रिकेत माझं नाव कुठे आहे? 'संस्थापिका' नाही, साधं 'आभार' सुद्धा नाही. तीन वर्षांत मी पुसली गेले. तुझ्या त्या पत्राने मला वाटलं, अजून तिथल्या एखाद्या गोष्टीत माझा हात लागतोय. हे चूक असेल. आहेच. पण खरं आहे.

आणि एक शेवटचं, कितीही राग आला तरी. डबा मी उघडला नाही, शरू. उघडलास तू. मी फक्त पुढे दिलं.

विद्यू


दुर्गाघाट
३ ऑक्टोबर २०२४

चि. इरावती,

हे पत्र मी तुझ्या आईच्या हाती देतेय आणि तिला सांगितलंय की आधी तू वाच, मग मनात असेल तर तिला दे. बंद पाकिटात आहे.

तुझी चिठ्ठी मी वाचली आणि ती कुणाला सांगणार नाही असा शब्द दिलेला असताना सांगलीच्या विद्यूमावशींना लिहून पाठवली. त्यांनी ती तुझ्या आजीला पाठवली. अवनीचा यात काडीचाही संबंध नाही. विद्यूमावशींनी केलं ते त्यांच्यापाशी, त्यांच्याशी आता मी पत्रव्यवहार ठेवणार नाही. पण सुरुवात माझ्यापासून झाली. मला वाटलं होतं की त्या आणि मी म्हणजे एकच. ते माझं वाटणं होतं, तुला मी ते विचारलं नव्हतं. चिठ्ठी तुझी होती.

गेल्या शनिवारी अवनीच्या घरी जाऊन तिला हात जोडून वर्गात घेऊन आले आणि सगळ्या मुलींपुढे सांगितलं की अवनी खरं बोलत होती आणि मावशी खोटी ठरली. तिने ऐकून घेतलं. 'ठीक है' म्हणाली. ती अजून माझ्याकडे नीट बघत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

आता तुझ्यापाशी एक मागते. परत ये. तुझ्या आजीशी मी बोलेन, वडिलांशी बोलेन, त्यांनी अपमान केला तर करून घेईन. महिन्यातले चार दिवस हॉलात यायचं नाही असं म्हणाले, तर ते चार दिवस मी दोरी माझ्या घराच्या तुळईला बांधीन. माझ्या घरात देव आहेत, ते काही म्हणणार नाहीत. दहा तारखेला लखनौची नावं जातायत, तुझ्यासाठी ओळ मोकळी ठेवलीय. रागावून माझ्याशी बोलू नकोस, चालेल. फक्त दोरी सोडू नकोस.

तुझी,
शरदिनीमावशी


दुर्गाघाट
६ ऑक्टोबर २०२४

मावशी,

नमस्कार. पत्र मिळालं. मी वाचलं, मग आईला दिलं. मराठी लिहायला मला टाइम लागतो म्हणून तीन दिवस लागले.

मी दोरी सोडली नाही. आईने आजीला सांगितलं की इरा खेळेल, गल्लीत नाही तर बाहेर खेळेल. आजी दोन दिवस जेवली नाही. आई पण नाही जेवली. मग बाबा म्हणाले, जाऊ दे. आता आई मला रोज मैदागिनपर्यंत चालत नेते, तिथून ई-रिक्षाने सिगरा. तिथे मल्लखांबाचा एक क्लब आहे शाळेनंतरचा. लडके-लडकियां सब. तिथे मला कोणी ओळखत नाही. सर नवीन आहेत, ते काही लिहून नाही मागत. मला बरं वाटतं.

लखनौसाठी सरांनी माझं नाव दिलं आहे. म्हणून तुमच्या लिस्टमध्ये दुसऱ्या कोणाला घ्या. पिंकी आता चांगली चढते.

मी अवनीला सॉरी बोलले. खिडकी उघडली. ती पण सिगराला येणार आहे पुढच्या सोमवारपासून. ती म्हणाली मावशीला तूच सांग, मैं नहीं बोलूंगी.

मावशी, मला सगळ्यात वाईट विद्यूआजीचं नाही वाटलं. त्या गेल्या तेव्हा मी चौथीत होते, त्यांना मी नीट ओळखत पण नाही. बाबा वाचत होते तेव्हा मला कळलं की ही माझी चिठ्ठी आहे, आणि मला वाटलं, मावशीने तर फाडली होती.

तुम्ही शिकवलेलं मी विसरले नाही. सर म्हणाले तुझा बेस अच्छा आहे, कुणी शिकवलं. मी तुमचं नाव सांगितलं.

पण लखनौला तुम्ही बघायला येऊ नका. आई येणार आहे.

इरावती